ओंकार वगळला तर योगातले काय उरते?

विचारणाऱ्या बाई श्रद्धाळू कॅथलिक कुटुंबातल्या आहेत. दीड वर्षापासून त्यांना कामाचा ताण असह्य झाला आहे. रात्री दोन-तीन वाजता जाग येते आणि मग डोळा लागत नाही, मान आखडलेली असते आणि सकाळी उठल्यावर जबडा दुखतो. डॉक्टरांनी औषधाबरोबर योगाभ्यास सुचवला आहे. त्यांच्या धर्मगुरूंनी मात्र योग म्हणजे परक्या धर्माची उपासना असून त्यापासून दूर राहावे, असे सांगितले आहे आणि सासूबाईंचेही तेच मत आहे. बाईंचे विचारणे असे, की धार्मिक वाटणारा भाग काढून टाकला तर उरलेल्या योगाने ताण खरोखर कमी होतो का, आणि तूर्त घरी न सांगता वर्गाला जावे का.

मी 26 वर्षे योग शिकवते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निरनिराळ्या धर्मांची माणसे आहेत. योग करणे तुमच्या धर्मात बसते की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी करणारही नाही. योगाच्या वर्गात नेमके काय काय घडते, त्यातल्या कोणत्या भागाने शरीरावर काय परिणाम होतो आणि कोणता भाग सोडला तर काही बिघडत नाही, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते. योगाला विरोध करणारे आणि त्याचे गोडवे गाणारे, असे दोन्ही पक्ष पुष्कळदा 'योग' या एकाच शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, म्हणून आधी ती गाठ सोडवू.

"योगाचा धर्माशी काहीएक संबंध नाही, हा निव्वळ व्यायाम आहे," असे सांगून नव्या माणसाची समजूत घालणारे शिक्षक तुम्हाला भेटतील. मला ते उत्तर पटत नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. पातंजल योगसूत्रांच्या पहिल्याच पादात 23 व्या सूत्रात ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला शरण जाणे, येते आणि 27 व्या सूत्रात प्रणव, म्हणजे ओंकार, हा ईश्वराचा वाचक म्हणून सांगितला आहे. हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाची सुरुवातच आदिनाथाला, म्हणजे शिवाला, वंदन करून होते. तेव्हा तुमच्या धर्मगुरूंना वाटणारी शंका निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ज्या परंपरेत हा अभ्यास वाढला, तिला स्वतःचा देव आहे, स्वतःचे मोक्षाचे ध्येय आहे आणि स्वतःची भाषा आहे.

मात्र त्याच योगसूत्रांत दुसरी बाजूही आहे. सुमारे 195 सूत्रांच्या या ग्रंथात आसनांबद्दल अवघी तीन सूत्रे आहेत, आणि त्यांतले पहिले 'स्थिरसुखमासनम्' एवढेच म्हणते, की बसणे स्थिर आणि सुखाचे असावे. मन शांत करण्याचे उपाय सांगताना सूत्रकार एकामागून एक पर्याय मांडतो आणि जवळजवळ प्रत्येकाला 'वा' जोडतो. ईश्वरप्रणिधान हा त्यांतला एक 'वा' आहे, श्वास बाहेर टाकून रोखणे हा दुसरा (1.34), आणि ज्याला जे प्रिय असेल त्याचे ध्यान हा आणखी एक (1.39). 'यथाभिमतध्यानाद्वा' हे सूत्र शिकवताना मी नेहमी थोडी थांबते, कारण इतक्या जुन्या ग्रंथात इतकी मोकळीक असेल अशी वर्गातल्या कुणाचीच अपेक्षा नसते.

या मोकळिकीचा फायदा इतर धर्मांच्या लोकांनी पूर्वीही घेतला आहे. अकराव्या शतकात अल्-बीरुनी या मुस्लिम विद्वानाने पतंजलीच्या योगाचा अरबी अनुवाद केला. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस यांनी 'बह्र अल्-हयात' या फारसी ग्रंथात योगाची आसने आणि श्वासाचे प्रकार आपल्या साधकांसाठी मांडले, आणि पुढे 1600 च्या सुमारास त्याची सचित्र हस्तलिखित प्रतही तयार झाली. म्हणजे परक्या परंपरेतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा तुमचा प्रश्न निदान चारशे वर्षे जुना आहे, आणि तो विचारणारे लोक आपापल्या धर्मात निष्ठावानच होते.

आता धर्मसंस्थांच्या भूमिकेकडे येते, कारण ती सरसकट 'नाही' अशी नाही. तुमच्या चर्चपुरते बोलायचे तर 15 ऑक्टोबर 1989 रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने ख्रिस्ती ध्यानाबद्दल एक पत्र काढले. त्यावर कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची सही आहे, जे पुढे 2005 मध्ये पोप झाले. या पत्रात योग आणि झेन (बौद्ध ध्यानाचा एक प्रकार) यांसारख्या पद्धतींबद्दल स्पष्ट इशारे आहेत. शारीरिक व्यायामाने येणारी शांतता आणि सुखद संवेदना म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन, असा घोटाळा करू नये, हा त्यांतला सर्वांत मोलाचा इशारा मला वाटतो, आणि योगशिक्षक म्हणूनही मला तो मान्य आहे. पण या पद्धती ख्रिस्ती नाहीत एवढ्याच कारणाने त्या सरसकट नाकारू नयेत, ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप झाकोळणार नाही अशा बेताने त्यांतले उपयुक्त ते घेता येते, असेही तेच पत्र म्हणते. तुमच्या धर्मगुरूंशी पुन्हा बोलाल तेव्हा या पत्राचा उल्लेख जरूर करा, मात्र त्यांना खोडून काढण्यासाठी नको, चर्चेला आधार म्हणून करा.

इतरत्रही रेघ साधारण याच जागी ओढलेली दिसते. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने नोव्हेंबर 2008 मध्ये मुस्लिमांसाठी योग निषिद्ध ठरवला, तेव्हा काही दिवसांतच तिथल्या पंतप्रधानांनी मंत्रोच्चाराशिवाय केलेल्या शारीरिक व्यायामाला हरकत नसल्याचा खुलासा केला. इंडोनेशियातील उलेमा परिषदेने 2009 च्या जानेवारीत मंत्र आणि विधी असलेला योग निषिद्ध ठरवला, पण निव्वळ व्यायामाला मोकळीक दिली. सौदी अरेबियाने 2017 मध्ये योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. उलट ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चने 2020 मध्ये योग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ अजिबात बसत नाही, असेच जाहीर केले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सरकारी शाळांमधून योगाला 1993 पासून बंदी होती. ती 2021 मध्ये उठली, पण आसनांची नावे इंग्रजीतच घ्यायची, आणि मंत्र, मुद्रा व 'नमस्ते' वर्ज्य, या अटींवर. (ताडासनाला ताडासन म्हटल्याने कुणाची श्रद्धा ढळेल असे मला वाटत नाही. पण ज्या पालकांना ती भीती वाटली, त्यांना हसण्याचाही मला अधिकार नाही.)

या सगळ्यांतून एक गोष्ट दिसते. आक्षेपाचा रोख बहुतेक ठिकाणी मंत्र, विधी आणि ध्यानाचा अर्थ यांवर आहे. पाठीचा कणा वाकवण्यावर किंवा श्वास सावकाश सोडण्यावर तो क्वचितच आहे. तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तरही इथूनच निघते, कारण ताण कमी करण्याचे काम मुख्यतः कणा, स्नायू आणि श्वास यांच्यामार्फतच होते.

ते कसे होते, हे नीट समजून घ्या. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. हृदयाला आवर घालणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू उच्छ्वासाच्या वेळी अधिक प्रभावी असतो, हे त्याचे कारण. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला सावधपणा सोडण्याचा इशारा मिळतो. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला, तर हृदयाची लय आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा एकमेकींशी चांगल्या जुळतात. इथे तुम्हाला एक संशोधन सांगितलेच पाहिजे. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिन भाषेत रोझरीची, म्हणजे कॅथलिक जपमाळेची, प्रार्थना म्हणायला सांगितली आणि एकदा 'ओम् मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि हृदयावरचा परिणामही सारखाच दिसला. शरीराने दोन धर्मांत फरक केला नाही. फरक आहे तो म्हणणाऱ्याच्या मनातल्या अर्थात, आणि धर्मगुरूंचा आक्षेपही त्या अर्थालाच आहे.

यावरून काही शिक्षक उत्साहाने सुचवतात, की ओंकाराच्या जागी येशूचे नाव घ्या म्हणजे प्रश्न मिटला. मी तसे सुचवत नाही. तुमच्या वडीलधाऱ्यांची धास्ती हीच आहे, की योग प्रार्थनेच्या जागेवर येऊन बसेल, आणि अशी अदलाबदल केली की नेमके तेच घडते. रोझरी ही प्रार्थना आहे, ती प्रार्थनेच्या वेळी, हवी तितकी सावकाश म्हणा. श्वासाच्या अभ्यासात फक्त आकडे मोजा. आकड्यांना धर्म नसतो आणि ते विसरले तरी अपराधी वाटत नाही.

वर्गात काय वगळायचे, याचा निर्णय पहिल्या दिवसाच्या आधीच घ्या. ओंकार, प्रार्थनाश्लोक आणि शेवटी हात जोडून केलेले अभिवादन, यांच्या वेळी नुसते शांत बसता येते. सूर्यनमस्काराच्या नावातच नमस्कार आहे. गेल्या शतकात औंधच्या राजांनी त्याचा प्रसार प्रामुख्याने व्यायाम म्हणून केला, हे खरे, पण नाव खटकत असेल तर तो सोडून द्या. ताणावर उपाय म्हणून त्याची विशेष गरज नाही, आणि थकलेल्या माणसाला तो पहिल्या महिन्यात मी तसाही देत नाही. आसनांची नावे बहुतेक आकारावरून किंवा प्राण्यांवरून आली आहेत, जसे भुजंगासन, मार्जारासन, शवासन. वीरभद्रासन, नटराजासन अशी काही नावे देवतांशी जोडलेली आहेत. आसन करायचे आणि नाव मनातही घ्यायचे नाही, असे करणारे माझे विद्यार्थी आहेत आणि त्यांचा अभ्यास इतरांपेक्षा तसूभरही कमी नाही.

शिक्षक निवडताना "तुमचा वर्ग धार्मिक आहे का?" असे विचारू नका. उत्तर 'नाही' असेच येईल, कारण शिक्षकाला ते तसे वाटतच नसते. त्याऐवजी वर्गाची सुरुवात आणि शेवट कसा करता, खोलीत मूर्ती किंवा तसबीर आहे का, मी ओंकार म्हटला नाही तर चालेल का, असे एकेक करून विचारा. जो शिक्षक शेवटच्या प्रश्नावर नाराज होईल किंवा तुम्हाला ओंकाराची थोरवी पटवू लागेल, त्याच्याकडे जाऊ नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. शिकवायला लागले त्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक बाई येत असत. तासभर त्या छान सैल होत, आणि शेवटी मी "आता सर्वांनी तीनदा ओंकार" म्हणाले की त्यांचे खांदे कानांपर्यंत चढत. मला ते दिसत होते. कफाचा त्रास असेल, दमल्या असतील, असे मी समजत राहिले आणि एकदा तर "मोठ्याने म्हणा, लाजू नका" असेही म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून त्या आल्या नाहीत. कारण मला पुष्कळ महिन्यांनी दुसऱ्या कुणाकडून कळले. तेव्हापासून माझ्या वर्गाचा शेवट शांततेने होतो, आणि ज्यांना ओंकार म्हणायचा आहे ते नंतर थांबतात.

तुमच्या लक्षणांसाठी सुरुवातीला रोज 20 मिनिटे पुरतील. पहिली पाच मिनिटे जमिनीवर पाठ टेकून, पिंढऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पडून राहा. मानेखाली घडी घातलेला पातळ टॉवेल असू द्या, म्हणजे हनुवटी वर जाणार नाही. या स्थितीत कंबर आपोआप जमिनीला टेकते, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला आपण कंबर किती धरून ठेवली होती, हे पहिल्यांदा इथेच कळते. त्यानंतर हातपायांवर ओणवे होऊन मार्जारासन करा, म्हणजे श्वास सोडताना पाठीला पोक काढायचा आणि घेताना छाती पुढे आणायची, असे आठ-दहा वेळा. मग पोटावर झोपून हातांवर फारसा भार न देता भुजंगासन, म्हणजे छाती वर उचलणे, आणि बसून गुडघे किंचित वाकवून पुढे झुकणे. पुढे झुकताना कपाळ एखाद्या उशीवर टेकले तर उत्तम. कपाळाला आधार मिळाला की भुवयांमधली आठी सुटते, आणि ती सुटली की जबडा सुटायला वेळ लागत नाही.

शेवटची सात-आठ मिनिटे शवासनाची, आणि तुमच्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची. गुडघ्यांखाली गुंडाळलेले पांघरूण ठेवा. जीभ टाळूला चिकटलेली आहे का ते पाहा. तुम्ही सांगता त्या जबड्याच्या दुखण्यात ती बहुधा चिकटलेली असते. ती खाली सोडा, दात एकमेकांपासून किंचित दूर ठेवा आणि नाकाने चार आकडे मोजत श्वास घेऊन सहा आकडे मोजत सोडा. एक आकडा म्हणजे साधारण एक सेकंद, म्हणजे श्वासाचा वेग मिनिटाला सहा होतो. सहा जमत नसतील तर तीन आणि चार मोजा. ओढूनताणून लांबवलेला श्वास उलट घाबरा करतो. डोळे मिटल्यावर अस्वस्थ वाटत असेल तर ते अर्धवट उघडे ठेवा, छताकडे पाहत केलेले शवासनही शवासनच असते. रात्री जाग आली की उठून आसने करत बसू नका, कुशीवर पडल्या पडल्या हाच चार-सहाचा हिशेब चालू करा. माझ्या अनुभवात झोपेतला फरक साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर जाणवू लागतो, मानेतला त्याआधी.

भस्त्रिका आणि कपालभाती हे वेगाने करायचे प्रकार आणि दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास बराच वेळ रोखून धरणे, तूर्त टाळा. ज्यांच्या मनात धास्ती असते त्यांना जलद श्वासाने घेरी येऊ शकते आणि छातीत धडधडू लागते, आणि उच्च रक्तदाब असेल तर श्वास रोखणे योग्य नाही. काचबिंदू असेल तर डोके खाली येणारी आसने वर्ज्य समजा. औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. आणि झोप न येण्याबरोबर जगणे नकोसे वाटत असेल, तर तो योगशिक्षकाकडे येण्याचा प्रसंग नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

हे सगळे करूनही चटईवर बसल्यावर मनाला टोचणी लागत असेल तर काय करायचे? मग योग करू नका, असे मी सरळ सांगते. ज्या अभ्यासाच्या अखेरीस अपराधी वाटते, त्याने ताण हलका होण्याऐवजी वाढतो, आणि तुमच्या शरीराला त्यासाठी 'योग' हे नाव मुळीच लागत नाही. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी 1920 च्या दशकात मांडलेली स्नायुशिथिलीकरणाची पद्धत आहे. तिच्यात पायाच्या बोटांपासून चेहऱ्यापर्यंत एकेक स्नायुगट आवळायचा आणि सैल सोडायचा, एवढेच असते. तिला कोणत्याही देवाचा, ग्रंथाचा किंवा गुरूचा संदर्भ नाही. तिच्या जोडीला रोजचे अर्धा तास चालणे आणि वर सांगितलेला श्वास ठेवला, तर मी ज्याला तणावमुक्तीचा योग म्हणते त्यातले बहुतेक काही तुमच्या हाती येते. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हे सांगणे शहाणपणाचे नाही, पण खरे आहे.

राहिला प्रश्न घरी सांगण्याचा. लपवून जाऊ नका. नैतिक कारण बाजूला ठेवले तरी एक अगदी व्यावहारिक कारण आहे: जी व्यक्ती घड्याळाकडे आणि दाराकडे लक्ष ठेवून शवासनात पडली आहे, तिचा उच्छ्वास लांबत नाही. धर्मगुरूंकडेही "योग करू का?" असा प्रश्न घेऊन जाऊ नका, त्याला 'नको' हेच सोपे उत्तर आहे. डॉक्टरांनी काय सांगितले, तुम्ही कोणत्या हालचाली करणार, काय म्हणणार नाही आणि प्रार्थनेची वेळ कशी वेगळी ठेवणार, हे एका कागदावर लिहून न्या आणि यातले नेमके काय खटकते ते विचारा. ते कदाचित तरीही नाही म्हणतील. तसे झाले तर पुढचा निर्णय तुमचा, आणि जेकबसनची पद्धत आहेच.

सासूबाईंशी मात्र वाद घालून उपयोग होईल असे वाटत नाही. पहिले काही दिवस अभ्यास घरीच करा, बैठकीच्या खोलीत करा, आणि त्या येऊन बसल्या तर बसू द्या. तुम्ही खुर्चीवर पाय टाकून पडला आहात आणि आकडे मोजत आहात, एवढेच त्यांना दिसेल. त्यांची कंबर दुखत असेल, तर शेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवायला हरकत नाही.